तीनपाच

"कॉमा, सर, कॉमा!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला आणि फळ्यापाशी उभ्या असलेल्या ट्रायमोर ग्वेंझीचा खडू हवेतच थांबला.

शेवटच्या बाकावर पोरांच्या मापाच्या खुर्चीत गुडघे अवघडून बसलेल्या मापुला लेडवाबाने हसू दाबलं. ती जिल्हा कार्यालयाची गणिताची मार्गदर्शक. टेम्बिसा या गरीब वस्तीतल्या शाळांना गणिताचे मास्तर शोधून द्यायचे आणि शोधलेले पळून जाणार नाहीत हे पाहायचं, हे तिचं काम. त्यातलं दुसरं पहिल्यापेक्षा अवघड, असं ती म्हणायची.

फळ्यावर ट्रायमोरने साडेतीन लिहिताना तीन आणि पाच यांच्यामध्ये टिंब दिलं होतं. तो झिम्बाब्वेत शिकला, तिथे टिंबच देतात आणि 'थ्री पॉइंट फाइव्ह' म्हणतात. इथे दक्षिण आफ्रिकेत त्या जागी स्वल्पविराम येतो आणि लहान पोरसुद्धा 'थ्री कॉमा फाइव्ह' म्हणतं. तीन वर्षं झाली तरी गणिताच्या भरात आला की त्याचा हात सरहद्दीपलीकडे जायचा. पोरांनी त्याचं नाव 'पॉइंट सर' पाडलं होतं. त्याने मान तुकवून टिंबाला शेपूट काढलं, पोरं टाळ्या पिटून हसली आणि वर्ग पुढे सरकला.

तास संपल्यावर मापुलाने त्याला बाहेर गाठलं. शाळेच्या फाटकाशी मग्विन्या, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, विकायला बसणाऱ्या बाईकडून तिने दोघांसाठी चार घेतले, वर आंब्याचं अचार. ट्रायमोरने ते घेण्याआधी दोन्ही तळहात पोकळ धरून हळूच दोनदा टाळी वाजवली. त्याच्याकडे मोठ्या माणसाच्या हातून काही घेताना असंच करतात. पोरं त्याचीही नक्कल करत.

"अरे, साडेतीनचं सोड, ते पोरं सुधारून घेतात," ती म्हणाली. "आलेखावरचे बिंदू लिहितोस ना, तिथे सांभाळ. दोन आकड्यांमध्ये तू कॉमा घालतोस. इथे अर्धविराम घालतात. तू 'तीन, पाच' लिहितोस आणि इथला माणूस साडेतीन वाचतो."

"ठाऊक आहे मा," तो म्हणाला. वडीलधाऱ्या बाईला इथे 'मा' म्हणतात. "सांभाळतो. पण मी रागावलो तरी माझ्या शोना भाषेतच रागावतो ना, तसा हातही तिकडचंच लिहितो."

"मग रागावू नकोस."

"या वर्गावर? मग शिकवू कसा?"

दोघं हसले. त्या दिवशी त्या गोष्टीत हसण्यापलीकडे काही नव्हतं, हे मापुला पुढे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

ट्रायमोर म्हणजे 'आणखी प्रयत्न कर'. त्याच्या देशात आईबाप मुलांना अशी नावं खुशाल ठेवतात आणि मग त्या पोराने जन्मभर ते नाव निस्तरायचं. मापुलाने त्याला शोधला तेव्हा मारुला रस्त्यावरच्या त्या माध्यमिक शाळेत वर्षभर गणिताला मास्तर नव्हता. खेळाचा मास्तर उत्तरपत्रिकेची चावी समोर धरून फळ्यावर उत्तरं उतरवायचा आणि पोरं ती वहीत उतरवायची. सरकारी शिष्यवृत्तीवर शिकलेली एक चुणचुणीत मुलगी तिथे नेमून आली. आठवडाभरात तिने फाटक, तारा, एका वर्गातली साठ डोकी पाहिली आणि ती विमा कंपनीत गेली. मापुलाने तिला दोष दिला नाही. गणित येणाऱ्या माणसाला हे शहर हजार ठिकाणी बोलावतं. टेम्बिसातला फळा त्या हजारात शेवटचा.

म्हणून तिने चर्चच्या हॉलमध्ये जाहीर मुलाखती ठेवल्या. आलेल्यांपैकी निम्मे झिम्बाब्वेचे होते. ती सगळ्यांना एकच प्रश्न विचारायची: उणे गुणिले उणे अधिक कसं होतं, हे पोराला कळत नाही, तर काय कराल? कोणी नियम घोकून दाखवला, कोणी कर्जाची उदाहरणं दिली, एकाने चक्क गाणं म्हटलं. प्रमाणपत्रं पावाच्या पिशवीत घालून आलेला हा उंच, हडकुळा माणूस मात्र म्हणाला, "कुठल्या पोराला, मा?"

तिने तिथेच ठरवलं की हाच.

मग त्याला टिकवणं आलं. आपल्या चर्चमधल्या एका मैत्रिणीच्या मागच्या अंगणात तिने त्याला खोली मिळवून दिली. दर शनिवारी आसपासच्या शाळांचे चार मास्तर जमवून ती जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला बसवायची, त्यात त्याला ओढलं. गल्लीत कोणी तरी त्याला 'आपल्या देशात जा' म्हणून दगड मारला, तेव्हा महिनाभर ती स्वतःच्या खटारा गाडीतून त्याला शाळेत सोडत राहिली. घरी तिची बहीण म्हणायची, तुला पोर नाही म्हणून तू मास्तर पाळतेस. मापुला म्हणायची, मास्तर पाळलेला परवडतो, तो निदान पोरांना तरी शिकवतो.

आणि तो खरंच शिकवायचा. दहावीपासून इथे गणिताच्या दोन वाटा फुटतात. एक खरं गणित, पोरं त्याला 'प्युअर' म्हणतात. दुसरं व्यवहारी, त्याला 'लिट'. लिटमध्ये वीजबिलं आणि नकाशे असतात, टक्के भरघोस पडतात. पण पुढे इंजिनिअर, डॉक्टर, सर्व्हेअर व्हायचं तर प्युअरच लागतं. लिटला तिथे कोणी दारात उभं करत नाही. प्युअर घेतलेली निम्मी पोरं नापास होत आणि शाळेचा टक्का घसरे. शाळेची इज्जत त्या टक्क्यावर, मुख्याध्यापकांची बढतीही त्यावरच.

मुख्याध्यापक मबुंडा वाईट माणूस नव्हता. मऊ बोलायचा, रोज टाय घालायचा, पोरांची नावं लक्षात ठेवायचा. प्युअरमधली कच्ची पोरं लिटमध्ये टाका, असं त्याने ट्रायमोरला दोनदा सुचवलं. ट्रायमोरने पहिल्यांदा मान हलवली आणि कोणालाच हलवलं नाही. दुसऱ्यांदा तो सरळ म्हणाला, "नापास झाली तर गणितात नापास होतील, सर. लिटमध्ये टाकली तर ती कशातच नापास होणार नाहीत, कारण पुढे कशातच बसणार नाहीत."

मबुंडाने चष्मा पुसला. "ग्वेंझी, तुम्ही पाहुणे आहात इथे. पाहुण्याने घरात जास्ती तीनपाच करू नये."

हे ट्रायमोरने मापुलाला हसत हसतच सांगितलं. तिला हसू आलं नाही. टेम्बिसात ती जन्मापासून राहिलेली. इथे 'पाहुणे' हा शब्द निघाला की मागोमाग काय निघतं ते तिला ठाऊक होतं.

निघालंच. पालक समितीचे अध्यक्ष माहलांगू हे अंत्यविधींना तंबू आणि खुर्च्या भाड्याने देत. टेम्बिसात त्यांच्या खुर्चीवर न बसलेला माणूस सापडायचा नाही. त्यांची एक पुतणी शिक्षिकेची पदवी घेऊन दोन वर्षं घरी बसली होती. तिचा विषय 'जीवनकौशल्यं', पण लिट शिकवायला कायद्याने तेवढं चालतं. प्युअर बंद झालं आणि ट्रायमोरची जागा रिकामी झाली की तिचं बस्तान बसणार, हे साऱ्या शिक्षकांच्या खोलीला दिसत होतं. फक्त निमित्त हवं होतं.

निमित्त दिलं कामोगेलोने, आणि तेही नकळत. अकरावीतली ही मुलगी वर्गात सगळ्यांत पुढे. तिला सर्व्हेअर व्हायचं होतं, रस्ते आखायचे होते. ट्रायमोरसारखंच ती सात आकड्याला पोटात रेघ मारायची, त्याच्यासारखीच समीकरण सुटलं की त्याखाली काटकोनासारखी खूण काढायची. जूनच्या परीक्षेचे पेपर दुसऱ्या शाळेत तपासले गेले. त्यात एका बिंदूची जागा तिने सरांच्या पद्धतीने लिहिली, तीन आणि पाच, मध्ये स्वल्पविराम. तपासणाऱ्याने त्याला लाल गोल केला आणि बाजूला लिहिलं: ही एकच संख्या आहे, दुसरी कुठे? दोन गुण गेले. कामोगेलोने कपाळावर हात मारून घेतला आणि ती विसरून गेली. पण तो पेपर मबुंडाच्या टेबलावरून माहलांगूंकडे गेला.

सप्टेंबरात समितीची बैठक बसली. ट्रायमोरचा करार वर्षावर्षाने वाढायचा. तो वाढवायचा की नाही, एवढाच विषय. मापुलाला जिल्ह्याची तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. ती तयारीने गेली. प्युअरची पोरं तीन वर्षांत किती पुढे आली, हे तिने पाठ केलं होतं. रस्त्यात गाडी चालवत मोठ्याने बोलूनही पाहिलं होतं.

माहलांगूंनी तिला बोलूच दिलं नाही, असं नाही. ते मोठ्या अदबीने वागले. तिच्यासाठी चहा मागवला, तिच्या स्वर्गवासी आईची आठवण काढली. त्या अंत्यविधीला खुर्च्या त्यांच्याच होत्या. मग त्यांनी तो पेपर वर धरला. कामोगेलोचं नाव सगळ्यांना दिसत होतं. ट्रायमोर भिंतीशी उभा होता, त्याला बसायला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने पेपर पाहिला आणि मान खाली घातली.

"मा लेडवाबा, मी पडलो अडाणी माणूस," माहलांगू म्हणाले. "तंबूवाला. मला एवढंच सांगा, हे जे पोरीने लिहिलंय, ते आपल्या देशात चूक की बरोबर?"

"त्याचं असं आहे, की..."

"चूक की बरोबर, मा?"

"लिहिण्याची पद्धत चूक आहे. गणित बरोबर आहे."

"आणि ही पद्धत पोरीला कोणी शिकवली?"

मापुलाने भिंतीकडे पाहिलं. ट्रायमोरने किंचित मान हलवली, जणू म्हणत होता की सांगून टाका, मा. जन्मभर तिने पोरांना एकच शिकवलं होतं, की उत्तर आवडो न आवडो, आलं ते लिहायचं. खोटं बोलायला तिची जीभ उचलली नाही.

"त्यांनी," ती म्हणाली. "पण दोन शनिवार द्या मला, मी ती सवय मोडते. ही चूक टिंबाएवढी आहे. इथे कलनशास्त्र शिकवू शकणारा दुसरा माणूस दाखवा मला, एक दाखवा..."

पण खोलीने हवं ते ऐकून घेतलं होतं. माहलांगू समितीकडे वळून शांतपणे म्हणाले, "मी काही बोललो नाही. जिल्ह्याच्या बाई स्वतः म्हणतात, आपल्या पोरांना चुकीचं शिकवलं जातंय." मबुंडा टायची गाठ सारखी करत राहिला. हात वर झाले. करार वाढला नाही आणि जानेवारीत शाळेचं नवं वर्ष सुरू झालं की फक्त लिट, असंही त्याच दमात ठरलं. शिक्षकच नाही तर विषय कसा चालवणार, असं मबुंडा म्हणाला. बोलताना त्याने मापुलाकडे पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर ती गाडीत बसली आणि किल्ली हातात धरून तशीच राहिली. ट्रायमोर खिडकीशी आला. तिला वाटलं, तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

"मी खोटं बोलायला हवं होतं," ती म्हणाली.

"तुम्ही? तुम्हाला जमलं नसतं मा. वाईट खोटं बोलला असतात आणि मग दोघांचीही नोकरी गेली असती." त्याने पोकळ तळहातांनी दोनदा टाळी वाजवली, मोठ्या माणसाकडून काही घेताना वाजवतात तशी. त्याच्या हाती त्या दिवशी तिने काहीच दिलं नव्हतं, आणि ती टाळी तिला थपडेपेक्षा जास्त लागली.

ट्रायमोर उपाशी मेला नाही. जानेवारीतच शहराच्या उत्तरेला, जॅकरँडाच्या झाडांच्या श्रीमंत रस्त्यांवरच्या एका खाजगी शाळेने त्याला उचललं. तिथली पोरं इंग्लंडची परीक्षा देतात. त्याने फोन करून सांगितलं, तेव्हा त्याच्या आवाजात आनंद कमी आणि लाज जास्त होती.

"मा, इथे टिंबच लिहितात. पुस्तकात टिंब, परीक्षेत टिंब. बिंदूंत स्वल्पविराम. सगळं माझ्यासारखं."

"मग चांगलंच की."

"हो. वर्गात सोळा पोरं. पण कोणी ओरडत नाही हो. मी चुकलो तरी वहीत उतरवून घेतात."

मापुलाने फोन ठेवला. ज्या टिंबासाठी टेम्बिसाने त्याला काढला, त्याच टिंबासाठी बंगल्यांतल्या पोरांनी त्याला ठेवून घेतला होता. शोधला तिने, घडवला तिने, टिकवला तिने, आणि फळ गेलं ज्यांच्या झाडाला आधीच ओझं झालं होतं त्यांच्याकडे. ती लहान होती तेव्हा गोऱ्यांचं सरकार उघड म्हणायचं, की काळ्या पोरांना गणित शिकवून करायचंय काय. तिच्या शाळेत तेव्हा गणित नव्हतंच. ती दोन गावं ओलांडून एका मिशनच्या शाळेत जाऊन शिकली होती. त्या वेळी दार बाहेरून बंद होतं आणि त्यावर लाथा घालता येत होत्या. आता आपलीच माणसं आतून कडी घालून बसली होती, आणि वर चहा विचारत होती.

फेब्रुवारीत कामोगेलो जिल्हा कार्यालयात आली. गणवेशात, घामेजलेली, शाळेतून चालत आलेली. खरं गणित शिकवणारी सर्वांत जवळची शाळा दोन शेअर-टॅक्सी बदलून होती, आणि तिथे बारावीत जागा नव्हती. मापुलाने स्वतः तीनदा विचारलं होतं. शनिवारी मी शिकवते, ये, असं तिने सुचवलं. पण शाळेत विषयच नसेल तर शाळा परीक्षेला बसवणार नाही, आणि बाहेरून बसायचं तर शाळा सुटल्यावर एक वर्ष आणखी घरी काढावं लागेल. दोघींनाही ते माहीत होतं.

"मा, एक विचारू? राग मानू नका," पोरगी म्हणाली. "माझे दोन मार्क गेले म्हणून सर गेले?"

"नाही गं. तसं नाही."

"मी तक्रार केलीच नव्हती. मी तर मुद्दाम तसं लिहिलं होतं. सरांसारखं." मग तिने विचारलं, "तुम्ही तिथे होतात ना, मा?"

"होते," मापुला म्हणाली. पोरीने मान डोलावली, धन्यवाद म्हटलं आणि ती गेली. एवढ्या रीतीने वागणाऱ्या पोरांचा मापुलाला त्या दिवशी संताप आला. एखाद्याने खुर्ची तरी आपटायची.

वर्ष गेलं. पुढच्या जानेवारीत बारावीचे निकाल लागले आणि मारुला रस्त्यावरच्या शाळेने जिल्ह्यात कमाल केली. गणितात नापास होणारी पोरंच उरली नव्हती, कारण गणितच उरलं नव्हतं. सत्कार शाळेच्या मैदानात, माहलांगूंच्या तंबूत, माहलांगूंच्या खुर्च्यांवर. साडेतीन हात निळ्या कापडाखाली झाकलेला करंडक टेबलावर. मबुंडाला नवा टाय होता. पुतणी पुढच्या रांगेत बसली होती. तिने वर्षभर मनापासून वीजबिलं शिकवली होती, त्या बिचारीवर रागवायलाही मापुलाला जमेना. लिटमध्ये शाळेत पहिली आली म्हणून कामोगेलोला मंचावर बोलावलं. तिने प्रमाणपत्र घेतलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, हसली नाही. ज्या विद्यापीठात तिने अर्ज केला होता, त्याने तो उघडून न वाचताच परत पाठवला होता.

मग शाळेचा टक्का जाहीर करायला जिल्ह्याच्या गणिताच्या मार्गदर्शकांना बोलावलं. हा मान मापुलाला मिळावा, असा आग्रह खुद्द माहलांगूंनी धरला होता.

गुडघा सांभाळत ती पायऱ्या चढली. कागद जवळ धरला, चष्मा वर सरकवला.

"चौऱ्याण्णव पॉइंट सहा," तिने वाचलं.

तंबूत क्षणभर चुळबुळ झाली. मग मबुंडा हसत माइककडे वाकला. "कॉमा, मा लेडवाबा. चौऱ्याण्णव कॉमा सहा." लोक मोकळेपणी हसले. म्हातारी झाली बाई, असं कोणी तरी प्रेमाने म्हटलं. मागच्या रांगेत उभी असलेली कामोगेलो हसली नाही. तिने मान वर केली होती.

मापुलाने सगळं हसू थांबेपर्यंत वाट पाहिली.

"चौऱ्याण्णव," ती म्हणाली. "पॉइंट. सहा."

मग तिने कागदाची घडी केली, माइक मबुंडाकडे वळवला आणि करंडकाला हात न लावता ती खाली उतरून आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.